मागच्या खोलीतला दुखवटा

"आपसातलीच लढाई हाय ना त्यांची? मंग पळायचं कशाला एवढ्या लांब? बसून मिटवायची."

शेजारच्या मावशी आमच्या आईला सांगत होत्या. दोघी मागच्या पडवीत अळूची पानं निवडत बसल्या होत्या आणि मी आत खिडकीपाशी लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत होते. पडवीच्या समोर, अंगण ओलांडलं की, आमच्या भाड्याच्या खोल्यांची ओळ आहे. बाकीच्या खोल्यांत कॉलेजची मुलं राहतात. शेवटच्या खोलीत सुदानहून आलेल्या मायलेकी राहत होत्या, आणि त्यांच्या दारातून रोजच्यासारखा चंदनाच्या वासाचा जड धूर येत होता.

"आनि हा धूर कसला गं रोज सांजच्याला?"

"उदबत्तीसारखं असंल कायतरी," आई म्हणाली.

"उदबत्ती एवढी धुपत नाय. डास तरी मरतात का त्यानं?"

"मरत असतील."

"मंग मला पन आन थोडा."

दोघी हसल्या. मी खिडकी लावली नाही, पण ती लावायची आहे असा हात मात्र उगाच कडीवर ठेवला. मला ऐकायचं असतं आणि ऐकते आहे हे कळू द्यायचं नसतं. लहानपणापासूनची सवय आहे.

आमचं घर कर्जतच्या अलीकडे, भिवपुरी स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. खोल्या माझ्या काकांनी बांधल्या. खालापूरच्या बाजूला आमचं भाताचं शेत होतं, त्यातलं निम्मं मोठ्या रस्त्यात गेलं. काका त्यासाठी खालापूरच्या तहसील कचेरीसमोर उपोषणाला बसले होते. शेत गेलंच, पण मोबदला बरा मिळाला आणि त्यातून या खोल्या उभ्या राहिल्या. भाडेकरू ठेवणं, काढणं, पाण्याची मोटर, कचरा, सगळं काका बघतात. बाबा खोपोलीला कारखान्यात आहेत. शिफ्टवरून आले की जेवतात आणि झोपतात, ते कशातच पडत नाहीत.

इंग्रजी बोलणारी घरात मी एकटी. मला इंग्लिश मीडियमला घातलं ते काकांच्या आग्रहानं, आणि त्याची वसुली ते आजही करतात. कॉलेजला केरळचा, मणिपूरचा, आफ्रिकेचा कोणी मुलगा खोली बघायला आला की अंगणातून हाक येते, "ए बाय, जरा ये गं भायेर, साहेबाला समजव." मला स्वतःहून कुणाशी बोलायला जमत नाही, पण दुसऱ्याचं वाक्य घेऊन पलीकडे द्यायला जमतं. त्यात मला काही म्हणायचं नसतं. काका म्हणतात ते मी इंग्रजीत सांगते, समोरचा म्हणतो ते मराठीत. मध्ये मी नसतेच. बरीच वर्षं हे मला सोयीचं वाटत आलं.

सुदानच्या मुलीचं बोलणं असंच माझ्यामार्फत झालं. ती फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. आधी हॉस्टेलवर राहायची, मग आई आली म्हणून खोली हवी होती. आईला इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे काका मराठीत बोलणार, मी इंग्रजीत, मुलगी अरबीत, आणि आईचं उत्तर त्याच वाटेनं उलटं येणार. एवढ्या वेळात काकांचा चहा गार व्हायचा.

"विचार, नवरा कुठं हाय?"

प्रश्न गेला, उत्तर आलं. "घरी आहेत. घर राखायला थांबलेत."

"लढाई चालू हाय ना तिकडं?"

"हो. म्हणूनच. रिकाम्या घरात शिपाई राहायला येतात."

काकांनी मान डोलावली. घर राखायला माणूस मागं ठेवणं त्यांना लगेच पटलं. खोली दिली.

त्या बाई, म्हणजे मुलीची आई, सुदानात प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. हे मला हळूहळू कळलं, कारण संध्याकाळी मुलगी मला कॉफी प्यायला बोलवायची आणि नको म्हणायलाही मला शब्द सापडत नसत. त्या कॉफीचे कच्चे दाणे छोट्या कढईत भाजायच्या, त्यात आलं घालून कुटायच्या आणि लांब मानेच्या मातीच्या सुरईतून इवल्याशा कपांत ओतायच्या. निखाऱ्यावर सुगंधी लाकडाचे तुकडे टाकायच्या. मावशींना दिसायचा तो धूर हा. खोलीत एक पलंग, एक चटई आणि भिंतीशी एक बॅग, कायम चेन लावलेली. त्यातून कपडे काढायचे, धुवायचे, वाळले की पुन्हा बॅगेतच. भिंतीत फडताळ होतं, ते रिकामं.

युद्ध सुरू झालं तेव्हा त्या राजधानीत, खार्तुममध्ये होत्या. दोन दिवसांत शांत होईल म्हणून पलंगाखाली झोपल्या. मग नवऱ्याला मागं ठेवून, धाकट्या मुलाला घेऊन बहिणीच्या गावी गेल्या. तिथं शाळेतल्या मुलांना झाडाखाली शिकवायला लागल्या. मग युद्ध त्या गावातही आलं. बहीण एका ट्रकमध्ये, या दुसऱ्यात. धाकटा सीमा ओलांडून इजिप्तला गेला, मोठा मुलगा आधीच आखातात होता. त्या स्वतः एका बंदराच्या गावी पोचल्या, तिथं व्हिसासाठी थांबल्या आणि विमानानं मुंबईला आल्या. मुलगी म्हणाली, "दर वेळी आईचं सामान कमी होत गेलं. पहिल्यांदा निघताना तिनं भिंतीवरचे फोटोसुद्धा घेतले होते."

एकदा कॉफी बाहेर शेडमध्ये मांडली होती, तेव्हा काकाही येऊन बसले. खोल्यांच्या पुढं पत्र्याची शेड आहे, पावसाळ्यात मुलं तिथं बाइक लावतात. त्यांना कॉफी कडू लागली, पण पाहुणचार म्हणून दोन कप प्यायले आणि मग त्यांना बरेच दिवस विचारायचं होतं ते विचारलं.

"हिला विचार, लढाई सुरू कशानं झाली?"

असा प्रश्न मुलीला कॉलेजमध्ये रोज कोणीतरी विचारत असावं. ती म्हणाली, सैन्याचा एक प्रमुख आहे आणि दुसऱ्या एका फौजेचा एक. ती दुसरी फौज सरकारनंच उभी केली, पश्चिमेकडची गावं जाळायला. तिकडच्या लोकांची जमीन, पाणी, जात, सगळंच सरकार वेगळं मानत होतं. पुढं त्या दोन प्रमुखांनी मिळून सत्ता घेतली. मग कुणी कुणाच्या हाताखाली राहायचं आणि सोन्याच्या खाणी कुणाकडे, यावर बिनसलं. "पश्चिमेकडे गावं जळत होती तेव्हा आम्ही खार्तुममध्ये लग्नाला जात होतो," ती म्हणाली. "टीव्हीवर बघायचो. मग चॅनल बदलायचो."

मी ते मराठीत सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे भावकी. एकानं दुसऱ्याला गडी म्हनून आनला, आनि गडीच हिस्सा मागाया लागला. आमच्याकडं घराघरात हाय हे."

हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हटलं, काका म्हणतात, भावाभावांचं वाटणीचं भांडण. मुलगी हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिनं आईला सांगितलं. त्या बाईंनी कप खाली ठेवला आणि जे म्हणाल्या ते दोन भाषा ओलांडून माझ्यापर्यंत असं आलं: "भावकीत घरही त्यांचं आणि भांडणही त्यांचं. आमच्यात घर आमचं होतं, भांडणारे बाहेरचे."

काकांनी तिसरा कपही घेतला.

ते वाईट नाहीत, हे मला लिहायलाच हवं. पण गणपती जवळ आले आणि बोरिवलीच्या आत्यांकडून निरोप आला की यंदा सगळी मंडळी येणार, सुना-नातवंडांसकट. त्यात पोलीस स्टेशनमधून दोनदा माणूस येऊन मायलेकींचे कागद बघून गेला. कागद नीट होते, पण गावात चर्चा झाली ती झालीच. धुराची चर्चा होतीच. काकांनी मायलेकींना आणि मला अंगणात बोलावलं.

"तिला सांग, गनपतीच्या आधी खोली मोकळी पायजे."

मी सांगितलं. मुलीनं विचारलं, आमचं काही चुकलं का? मी ते काकांना विचारलं.

"चूक काय नाय. पन माजं घर हाय, माजी मान्सं येनार, त्यांना जागा नको?"

मुलीनं आईला सांगितलं. मला वाटलं, त्या रडतील किंवा विनवतील. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की सकाळी निघायचं की संध्याकाळी. काका जरा गोंधळले. "कवा पन," म्हणाले. "टेंपो मी देतो."

पुढचे काही दिवस मुलगी कॉलेज सुटलं की खोल्या बघत फिरली. नेरळला एक मिळता मिळता राहिली. मालकाला आधी देश कळला नव्हता, कळल्यावर त्याची बहीण राहायला येणार असं निघालं. कर्जतला एका ठिकाणी फक्त मुलगी चालणार होती, आई नाही. पोशीरला माझ्या मामांकडे विचारू का असं मला वाटलं होतं. फोन हातात घेतला आणि ठेवला. मामांनी काय विचारलं असतं आणि मी काय सांगितलं असतं, याचा विचार करूनच दमायला झालं. त्या दिवसांत मी फार दमलेली असायचे, खरंतर काही न करता. ऑफिसचे ईमेल लिहायचे, त्यातही दुसऱ्याचंच म्हणणं चांगल्या इंग्रजीत. संध्याकाळी शेडकडे बघायचंही मी टाळायला लागले.

मग तो रविवार आला. पाऊस पिरपिर लागलेला. मी दात घासत होते, तोच पडवीतून काकांचा आवाज आला, खुशीतला.

"पलंग भायेर काढला बघ. शहानी बाई हाय. उगा कटकट नाय केली."

मी बघितलं. मुलीनं खरंच पलंग बाहेर काढून शेडमध्ये भिंतीला लावला होता. मग ती शेजारच्या खोल्यांतून प्लास्टिकच्या खुर्च्या मागून आणायला लागली. शेडमधल्या बाइक मुलांनी काही न विचारता पावसात काढून ठेवल्या. खुर्च्या ओळीनं मांडल्या गेल्या.

"खुर्च्या कशाला?" आई म्हणाली.

"टेंपो येईपर्यंत बसायला," काका म्हणाले. पण त्यांनी टेंपोवाल्याला अजून फोनच केला नव्हता.

थोड्या वेळानं खोलीचं दार पूर्ण उघडलं. आत जमिनीवर चटई, आणि चटईवर त्या बाई दाराकडे तोंड करून बसलेल्या. नखशिखान्त पांढऱ्या कपड्यात. एरवी त्या निळं, केशरी, मोठ्या फुलांचं काहीतरी गुंडाळलेल्या असायच्या. आज नुसतं पांढरं. हलत नव्हत्या. समोर पाण्याचा ग्लासही नव्हता.

काका पडवीच्या पायरीवर उभे राहून बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"आयला," ते म्हणाले. "हिनं तर उपोषन मांडलं."

आई म्हणाली, "कायतरीच तुमचं."

"कायतरी नाय. मी स्वतः बसलोय खालापूरला, मला नको शिकवू. पांढरे कपडे, चटई, भेटाया येनाऱ्यांना खुर्च्या. सामान भायेर काढलं म्हंजे फोटोत दिसतं, की बघा, घराभायेर काढलं. कोनीतरी शिकवलंय तिला. त्या पोरीच्या कॉलेजातलंच कोनतरी."

मावशी कुंपणापाशी आल्या होत्या. "मंग आता पेपरवाले येनार?"

"येतील नायतर काय. मावशे, तू आत जा. कोनी तिकडं जायचं नाय. जवळ गेलं की पाठिंबा दिला असं होतं."

आणि खरंच कोणी गेलं नाही. काकांनी दोन मित्रांना फोन केले, तेही आले आणि पडवीत बसून लांबूनच बघत राहिले. चहा झाला. कांदेपोहे झाले. अंगणाच्या पलीकडे रिकाम्या खुर्च्यांची ओळ आणि उघडं दार. मुलगी मधूनमधून शेडच्या कडेला येऊन रस्त्याकडे बघायची आणि परत जायची. एका मित्रानं काकांना सांगितलं, "नरमाईनं घे बाबा. बाई मान्स हाय, भायेरच्या देशाची. उपाशी पडून काय झालं तर तुज्यावर येईल."

दुपार व्हायला आली तेव्हा काकांनी मला हाक मारली. "जा, विचार तिला. मागन्या काय हायत तुमच्या?"

मी छत्री घेतली. अंगण ओलांडताना मागं सगळे बघताहेत हे मला पाठीला कळत होतं. प्रश्न इंग्रजीत जुळवून तयार होता. मुलगी पलंगाच्या कडेवर बसली होती. मला बघून ती उठली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी सुटका म्हणेन.

"तू आलीस," ती म्हणाली. "बस. आत बसशील ना, आईजवळ?"

मी छत्री मिटून तिथंच उभी राहिले. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की मला माहीत नाही.

"माझे बाबा गेले," ती म्हणाली. "काल शेजाऱ्यांनी फोनवर निरोप पाठवला. बंदुकीच्या गोळीनं नाही. इन्सुलिन संपलं होतं. रस्ते बंद आहेत." मग थोडं थांबून, "कबरस्तानापर्यंतही जाता आलं नाही. घराच्या अंगणातच पुरलंय त्यांना."

आमच्याकडे मयत झालं की बाहेर खुर्च्या मांडतो, ती सांगत होती. पुरुष बाहेर बसतात, बायका आत आईजवळ. दार लावायचं नाही. गल्लीतले सगळे येतात, ज्यांच्याशी बोलणं नसतं तेही येतात. जेवण शेजारी आणतात. आईला वाटलं, इथं कुणाला सांगायची गरज नाही, दार उघडं दिसलं की लोक समजतील. आणि आता विधवेनं घर सोडायचं नसतं. ज्या घरात बातमी कळली त्याच घरात राहायचं, चार महिने आणि वर काही दिवस.

"पण आम्हाला तर ही खोली सोडायची आहे," ती म्हणाली. "आई सकाळपासून तेच विचारतेय. मी तिला काय सांगू?"

काकांचा प्रश्न माझ्या तोंडात तसाच होता. मी तो गिळला आणि चपला काढून आत गेले. त्या बाईंनी माझा हात धरला. काय करायचं असतं मला ठाऊक नव्हतं. मी बसले. त्यांचा तळहात कोरडा आणि गरम होता.

मग बाहेर येऊन मी पडवीपर्यंत गेले आणि आईला सांगितलं. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

काकांच्या मित्रानं हातातली बशी खाली ठेवली. आई आधी उठली. "म्हंजे सकाळपासून बसलीय ती?" म्हणाली, "आनि आमी पोहे खातोय?" तिनं गॅसवर भात टाकला. आमच्याकडेही मयताच्या घरात चूल पेटत नाही, जेवण शेजारचे नेतात. ते कुणाला शिकवावं लागलं नाही. फक्त एकदा तिनं आतून विचारलं, "त्यांच्यात चालतं का गं आपलं वरण?" मी चालतं म्हटलं.

मावशी सगळ्यांच्या पुढं गेल्या. खोलीच्या दारात पोचताच त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि मोठ्यानं गळा काढला, जसा त्या गावातल्या कुठल्याही मयताला काढतात. "कुठं टाकून गेला गं तुला, परक्या मुलखात..." मला क्षणभर लाज वाटली. त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण आतल्या बाई, ज्या सकाळपासून दगडासारख्या बसल्या होत्या, त्या तो आवाज ऐकून पहिल्यांदा हलल्या. त्यांनी हात पसरले आणि त्यांच्याही घशातून तसाच आवाज निघाला. त्या दोघींच्या मध्ये माझी गरज पडली नाही. मी भिंतीशी उभी राहिले.

मग गल्लीतल्या बायका आल्या. पुरुष शेडमध्ये खुर्च्यांवर बसले, टोप्या काढून. कॉलेजची मुलं उभी राहिली. काका सगळ्यांत शेवटी आले. पायातलं काढून, भिजल्या अंगणातून अनवाणी. कडेच्या खुर्चीवर बसले, जमिनीकडे बघत. मुलीनं त्यांना पाणी दिलं, ते प्यायले.

मी त्यांच्याजवळ जाऊन ते चार महिन्यांचं सांगितलं. ते सांगणं भागच होतं. मुलगी दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. आम्ही कशाबद्दल बोलतोय हे तिला कळत होतं.

काकांनी सुस्कारा सोडला. तेही दमलेले दिसत होते.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पन चार महिने म्हंजे दिवाळी पन गेली की गं. बोरिवलीची मान्सं काय शेडमधी झोपवू? ती काय म्हनतील?" आवाज खाली घेऊन म्हणाले, "तू विचार तिला नीट. आज नाय तर परवा. म्हनावं, दुसऱ्या घरात बसलं तर नाय का चालत? देवाला कळतंय सगळं. मी स्वतः नेऊन पोचवतो, सामान उचलून देतो. विचार ना. तुज्याबिगर कोन विचारनार?"

शेजारच्या खुर्च्यांवरचे लोक ऐकत नसल्यासारखं करत होते. दारातून मुलीनं इंग्रजीत विचारलं, "काय म्हणताहेत ते?"

काका माझ्याकडे बघत होते, ती माझ्याकडे बघत होती. वाक्य अगदी सोपं होतं. मी ते आधीच मनात इंग्रजीत करून ठेवलंही होतं, सवयीनं. आवाज बारीकच निघाला, पण निघाला.

"हे मी विचारणार नाही, काका," मी म्हणाले. "बोरिवलीच्या माणसांना माझ्या खोलीत झोपवा. मी आईजवळ झोपेन."